उत्तरेश्वर नलवडे, वय एकतीस

रामहरी घाडगे सोलापुरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते, पण त्यांचं नाव होतं ते पुस्तकांमुळे नाही, इंटरनेटमुळे. नाव होतं म्हणजे कॉलेजच्या आवारात आणि सासुरवाडीच्या माणसांत, त्यापलीकडे नाही. दरवर्षी नव्या पोरापोरींना हॉलमध्ये बसवून ते 'माहिती शोधायची कशी' या विषयावर व्याख्यान देत. नेमके शब्द अवतरणचिन्हांत टाका. नको ते शब्द वजाचं चिन्ह लावून हाकलून द्या. बातमी कुणी दिली बघा, कधी दिली बघा. एका ठिकाणी दिसली म्हणून नाचू नका, दुसरीकडे ताडून घ्या. हे सगळं ते झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणू शकत. तुम्ही स्वतः हे पाळता का, असं मात्र त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही.

घरातही तोच कारभार. बायकोनं, मुक्ताबाईंनी, भाकरीला तडा का जातोय असं नुसतं पुटपुटलं तरी हे चष्मा लावून फोन उघडत आणि तवा थंड होईपर्यंत वाचून दाखवत.

"अहो, पीठ जुनं हाय, एवढंच म्हणा की," मुक्ताबाई म्हणत.

"पुरावा नको का?" रामहरी विचारत. ते मूळचे नातेपुत्याचे. सोलापुरात नोकरी लागल्यावर त्यांनी हाय-न्हाय टाकून आहे-नाही धरलं होतं आणि पुराव्याशिवाय बोलणं सोडलं होतं, निदान त्यांचा तसा समज होता.

तर अशा या माणसाच्या मुलीला स्थळ आलं. रेश्मा एकुलती एक, विजापूर रोडवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. मुलगा करमाळा तालुक्यातल्या केमचा. उत्तरेश्वर नलवडे, वय एकतीस, एका साखर कारखान्यात केमिस्ट. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले. मग दोघं सात रस्ता चौकात चहा प्यायला म्हणून गेली आणि घरच्यांची जेवणं उरकल्यावर परत आली. याआधीच्या प्रत्येक स्थळाला नाक मुरडणारी रेश्मा त्या दिवशी घरात आली आणि आपण होऊन भांडी घासायला बसली. मुक्ताबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. पोरीला मुलगा आवडलाय, हे कळायला इंटरनेट लागत नव्हतं.

आता राहिली चौकशी. आपल्याकडे मुलगी द्यायची म्हणजे मुलाच्या गावात आधी गुपचूप एक माणूस जातो. तो स्टँडवर चहा पितो, पिठाच्या गिरणीवर टेकतो, दाढी झालेली असली तरी कटिंगच्या दुकानात बसतो, आणि 'सहज आलतो' असं म्हणत म्हणत मुलाच्या आजोबापासूनची सगळी कुंडली बाहेर काढतो. हे काम मामाचं. रेश्माचा मामा युवराज, मुक्ताबाईंचा धाकटा भाऊ, टेंभुर्णीत मालवाहतुकीचे टेम्पो चालवायचा. त्याचा फोन आला.

"दाजी, टेंभुर्णीवरनं केम हाय कितीसं? उद्या गाडी तिकडंच चाललीय. येतो की इचारून."

"युवराज, कुठल्या जमान्यात आहेस तू?" रामहरी म्हणाले. "गिरणीवर एक सांगणार देवमाणूस, दुसरा सांगणार चोर. मी बघतो सगळं. इथं बसून."

"बसून?" युवराजनं विचारलं. त्याला आयुष्यात कुठलीच गोष्ट बसून मिळाली नव्हती.

"बसून," रामहरी म्हणाले. हा शब्द उच्चारताना त्यांच्या आवाजात जो ताठा होता, तो आठवला की पुढे बरेच दिवस त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम होत.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वाचनालयात शुकशुकाट असताना, रामहरींनी कामाला हात घातला. नाव अवतरणचिन्हांत टाकलं. पुढे केम लिहिलं. पहिल्यांदा एका मंडळाची कार्यकारिणी आली, मग क्रिकेटच्या कुठल्या तरी स्पर्धेचा निकाल आला, आणि त्याखाली ती बातमी. जुगार अड्ड्यावर छापा, अकरा जण ताब्यात. खाली नावं होती, आणि त्यात स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: उत्तरेश्वर नलवडे (वय ३१, रा. केम).

नाव तेच, गाव तेच, वयसुद्धा तेच. रामहरी हादरले. पण खोटं कशाला बोला, त्या धक्क्याच्या वर थोडा आनंदही तरंगत होता. सापडलं! पोरीचा संसार मोडता मोडता वाचला याचा तो आनंद नव्हता, शोध लागला याचा होता. नियमाप्रमाणे त्यांनी दुसरीकडे ताडूनही बघितलं. आणखी एका वेबसाइटवर तीच बातमी होती, काना-मात्रेच्या चुकांसकट तीच. चुकासुद्धा सारख्या म्हणजे एकानं दुसऱ्याची उचललीय, हे पहिल्या वर्षाच्या पोरानं सांगितलं असतं. रामहरींनी ती दुसरा पुरावा म्हणून जमेला धरली.

मग त्यांनी बातमीची लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'थोडक्यात वाचलो. चौकशी अशी करतात.' भराभर अंगठे आले, हात जोडलेले आले. युवराजनं लिहिलं, 'दाजी म्हंजे दाजीच.' रामहरींनी ते दोनदा वाचलं.

स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाला त्यांनी कारण न देता नकार कळवला. कारण द्यायची गरजच नव्हती. ते या ग्रुपवरून त्या ग्रुपवर उड्या मारत निघालं होतं आणि संध्याकाळच्या आत केमला पोचलं. मुलाचे वडील हणमंत नलवडे यांचा फोन आला.

"पावणं, पोरगी द्यायची न्हाय तर नका देऊ. आमचं काय म्हननं न्हाय. पर आमच्या पोराला जुगारी कशापाय म्हनायचं?"

"माझ्याकडे लिंक आहे," रामहरी शांतपणे म्हणाले.

"लिंक हाय म्हनं त्यांच्याकडं," हणमंतराव शेजारच्या कुणाला तरी म्हणाले आणि फोन बंद झाला.

रेश्मा रडली नाही, भांडलीही नाही. तिनं बातमी वाचली, फोन बापाच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "त्याला विचारलंत?"

"जुगार खेळणारा कबूल करतो होय?"

"नाही, पण विचारलंत का?"

तिनं स्वतः उत्तरेश्वरला फोन लावला. त्यानं उचलला नाही. रात्री नाही, सकाळी नाही, नंतरही नाही. ती रोज वेळेवर लॅबला जायची, वेळेवर यायची, जेवायची, आणि बापाकडे बघायची ते बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं. रामहरींना वाटे, चिडावं तरी हिनं. आपण हिच्या भल्याचंच केलं, असं ते मनाशी म्हणत, आणि ते पुन्हा पुन्हा म्हणावं लागतंय हे त्यांना आवडत नव्हतं.

त्याच आठवड्यात वार्षिक व्याख्यान आलं. ताजं उदाहरण हवं म्हणून रामहरींनी तीच बातमी घेतली. नावं काळ्या पट्टीनं झाकली आणि पडद्यावर लावली. हॉल भरलेला, वर पंखे घरघरत होते, बाहेर सोलापूरचं ऊन नेहमीसारखं भाजत होतं.

"समजा, तुम्हाला एखाद्या माणसाची खात्री करायची आहे," त्यांनी सुरुवात केली. "अशी बातमी सापडली. सगळ्यांत आधी काय बघायचं?"

पोरं पेंगुळलेली.

"तारीख!" रामहरी गरजले आणि हातातल्या लेझरचा लाल ठिपका त्यांनी रुबाबात तारखेवर नेऊन ठेवला.

ठिपका तिथंच राहिला. बातमी सहा वर्षांपूर्वीची होती. सहा वर्षांपूर्वी जो एकतीस वर्षांचा होता तो आज सदतीस. आणि रेश्मासोबत चहा प्यायला गेलेला मुलगा तेव्हा जेमतेम पंचवीस. रामहरींनी तोंडी हिशेब केला, बोटांवर केला, पुन्हा तोंडी केला. उत्तर काही बदलेना.

"सर," पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मग ही बातमी खरी धरायची का खोटी?"

"बातमी खरी आहे," रामहरी म्हणाले. "बघणारा गाढव आहे."

हॉल खदखदून हसला. सर विनोदी बोलतात, असं पोरं नंतर एकमेकांना सांगत होती.

वाचनालयात परत आल्यावर त्यांनी पाणी आणायला शिपायाला हाक मारली, "सिद्धाराम!" वाचत बसलेल्या पोरांतल्या तिघांनी माना वर केल्या. रामहरींनी कपाळावर हात मारला. सिद्धेश्वराच्या सोलापुरात घरटी एक सिद्धेश्वर नाहीतर सिद्धाराम, आणि आपण इतकी वर्षं त्यांच्यात राहतोय. मग उत्तरेश्वराचं देऊळ असलेल्या केममध्ये थोरल्या पोराचं नाव लोक दुसरं काय ठेवणार? आणि अर्धं गाव एका भावकीचं असेल तर आडनावही तेच. जी गोष्ट रोज कानावर पडत होती ती शोधायच्या खिडकीत लिहिताना त्यांच्या डोक्यातसुद्धा आली नव्हती.

रविवारी ते पॅसेंजरनं केमला उतरले. घरी नुसतं 'जरा जाऊन येतो' म्हणाले होते. स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर विचारलं, "उत्तरेश्वर नलवडे कुठं राहतात हो?"

"कंचा?" चहावाला म्हणाला. "दुधाचा हाय, फौजी हाय, बोअरचा हाय, कुकवाचा हाय, कारखान्याचा हाय, आन् एक म्या सोता हाय."

रामहरी नकळत एक पाऊल मागे सरले. "कारखान्याचा," ते म्हणाले.

चहावाल्यानं त्यांना खालून वर न्याहाळलं. "तुमीच व्हय त्ये लिंकवाले पावणं?"

अख्ख्या गावात आपलं नाव झालंय, हे रामहरींना तिथं कळलं. चहा न पिताच ते दाखवलेल्या दिशेनं निघाले.

हणमंतराव अंगणात बसले होते. शेजारी मुलगा होता, सुट्टीवर आलेला. पाहुणा दिसताच तो उठून उभा राहिला, पण पुढे आला नाही. रामहरींनी गाडीत बसून चांगलं चार वाक्यांचं भाषण जुळवलं होतं. ते बाजूलाच राहिलं.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "तारीख बघितली न्हाय." तीस वर्षांनी त्यांच्या तोंडून न्हाय निघालं होतं आणि ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"बसा," हणमंतराव म्हणाले.

"रेश्माला सांगितलं का?" मुलानं विचारलं.

"नाही. कुठल्या तोंडानं सांगू? आधी तुमच्या पायाशी आलो."

"पायाबियाचं राहू द्या. तिला वाटत असेल की मी तोंड लपवतोय. मला राग आला होता, म्हणून फोन उचलला नाही. आता उचलायची लाज वाटतेय."

तेवढ्यात घरातून एकजण चहा घेऊन आला. किडकिडीत, कानशिलावर पांढरे केस, आणि हात मनगटापर्यंत लालभडक. केममध्ये कुंकवाचे कारखाने आहेत, तिथं काम करणाऱ्याच्या हातावरचा रंग अंघोळीनं जात नाही. रामहरींनी कप घेतला.

"ह्यो बी उत्तरेश्वर," हणमंतराव म्हणाले. "माझ्या थोरल्या भावाचा. तुमच्या लिंकातला."

चहा रामहरींच्या पँटवर सांडला. कुणी हसलं नाही, हे फार वाईट झालं. कुणी हसलं असतं तर त्यांना जरा बरं वाटलं असतं.

"भाजलं का?" लाल हाताच्या उत्तरेश्वरनं विचारलं आणि खाली बसला. "आमचा एक गडी तितं पत्ते खेळाय बसायचा. त्येला बोलवाय गेलतो. तवर पोलीस आलं, आत हुते तेवडे समदे गाडीत घातले. पुढं कोर्टानं मला सोडलं की. पर धरल्यालं पेपरात आलं, सुटल्यालं न्हाय आलं. त्या वक्ताला माझं लगीन ठरत आलतं. मोडलं. मागनं आलेली स्थळं बी फोन बगून माघारी गेली."

रामहरींनी हातातला कप खाली ठेवला.

"तुमी हुडकण्यात लई हुशार हाय म्हनं," तो पुढे म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच टोचत होतं. "सुटल्यालं कुटं असंल तर काढून द्या की. मोबाइलात ठेवतो. कुनी इचारलं तर दावतो."

"निकालाचा कागद नाही का?"

"हाय की. कागद कोन बगतंय?"

रामहरींनी फोन काढला. त्या अंगणात त्यांनी जन्मभराची विद्या पणाला लावली. नाव अवतरणात टाकलं, निर्दोष लिहिलं, मुक्तता लिहिलं, छापा हा शब्द वजा केला, वर्ष बदलून बघितलं, मराठीत बघितलं, इंग्रजीत बघितलं. दर वेळी तीच बातमी येत होती. मागच्या आठवड्यात ती तिसरी होती, आता सगळ्यांत वर होती. ती कुणी इतक्या वेळा उघडली, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांना स्वतःचा मनापासून राग आला.

"न्हाय गावत," ते शेवटी म्हणाले.

"तुमाला बी न्हाय," तो म्हणाला.

हणमंतरावांनी घसा साफ केला. "पावणं, एक इचारतो. माझ्या पोराची माफी तुमी मागितली, कारन ह्यो त्यो नव्हं. आता ह्येची कोन मागनार? ह्येचं तर नाव, गाव, वय समदं बरूबर आलंय."

आता मुलगा बोलला. "काका, रेश्मा मला आवडते. पण तुमच्या ग्रुपवर दादाचं नाव असंच राहिलं, तर त्या घरात मी जावई म्हणून यायचं कसं? लग्नात दादाला बसवायचं कुठं?"

रामहरींनी निकालाचा कागद मागून घेतला, त्याचा फोटो काढला, ग्रुप उघडला आणि लिहायला बसले. माहितीपर असं काहीच सुचेना. शेवटी लिहिलं, 'मी टाकलेली बातमी सहा वर्षांपूर्वीची आहे. त्यातला माणूस आपण बघितलेला मुलगा नव्हे, त्याचा चुलतभाऊ आहे. कोर्टानं त्यालाही निर्दोष सोडलंय, कागद सोबत आहे. मी तारीख बघितली नाही आणि कुणाला विचारलंही नाही. दोघांची माफी मागतो. - रामहरी'. पाठवलं. सगळे फोनकडे बघत बसले. खाली उत्तर आलं ते युवराजचं.

'दाजी, कुनी दमदाटी करून लिहून घेतलं का? कागद काय, कुनीबी टाइप करतंय. मी आत्ताच तुमच्यासारखं सर्च मारलं. सुटल्याचं कुटंच येत न्हाय.'

त्याखाली लगोलग अंगठे यायला लागले, युवराजच्या बोलण्याला. मुलानं ते वाचलं आणि तोंड फिरवून तो रस्त्याकडे बघायला लागला. लाल हाताच्या उत्तरेश्वरनंही वाचलं.

"ऱ्हाऊ द्या," तो हसत म्हणाला. "सवय हाय."

हे ऐकून रामहरींच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण काय करून ठेवलंय हे त्यांना तारीख दिसली तेव्हा कळलं होतं, पण कुणाला केलंय ते आत्ता कळत होतं. त्यांनी युवराजला व्हिडिओ कॉल लावला.

"दाजी! बरं हाय न्हवं? कुटं हाय तुमी?"

"केममध्ये. हा बघ कोण आहे." रामहरींनी फोन उलटा फिरवून उत्तरेश्वरसमोर धरला. "बातमीतला माणूस. याला विचार."

"काय इचारू?"

"काय वाटंल ते इचार. सहा वर्षांत ह्येला कुनी कायबी इचारलं न्हाय, नुसतं वाचलंय. मी बी त्यातलाच."

पलीकडे टेम्पोचं इंजिन ऐकू येत होतं. मग ते बंद झालं.

"राम राम पावणं," तो म्हणाला. "काय झालतं हो त्या दिशी?"

उत्तरेश्वरनं एकदा रामहरींकडे बघितलं, डोक्यावरची टोपी नीट केली आणि सांगायला लागला. तो सरळ छाप्यावर आला नाही. आधी त्या गड्याचं घर कुठं होतं ते सांगितलं, मग त्या दिवशी माल भरायला गाडी आली होती ते सांगितलं, मग गाडीवाल्याचं आणि गड्याचं आदल्या दिवशी कशावरून वाजलं होतं तेही सांगितलं. अंगणात कुणी हललं नाही. मुलगा मात्र हळूच उठून गोठ्याच्या कडेला गेला. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला, "रेश्मा, ऐक ना." रामहरींचा हात भरून आला होता. त्यांनी दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला, पण फोन खाली घेतला नाही.